दौऱ्यावरची गाळणी

"सव्वाशे," मैनाबाई म्हणाली आणि दांड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

पूर्णेच्या कोरड्या पात्रात, वाळूत खोदलेल्या झिऱ्याच्या काठावर ती बसली होती. समोर पत्र्याचा उभट डबा होता. त्याच्या डोक्यावर छोटा हातपंप, एक रबरी नळी झिऱ्यात सोडलेली, दुसरी पितळी गडव्यात. सव्वाशे वेळा दांडा खालीवर केला तेव्हा कुठे गडवा भरला. झिऱ्यातलं पाणी ताकासारखं गढूळ होतं. गडव्यातलं इतकं स्वच्छ की तळाचे ठोके मोजता आले असते.

सहदेव धुरकऱ्याने बैलांना पाणी दाखवलं आणि तो जवळ येऊन उभा राहिला. पाच वर्षं तोच तिची रेंगी, ही हलकी बैलगाडी, हाकत होता.

"द्या बाई घोटभर. पाहू तरी इलायती पानी."

तिने गडवा दिला. त्याने वरून धार धरून पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि जरा वेळ विचार केला.

"खारंच हाये."

"खारं जाईन कसं? गाळल्यानं मीठ जात नाई. ह्याच्यानं रोगाचे जंतू अडतात."

"म्हंजे जिभीले लागते ते राह्यते, आन् दिसत नाई ते जाते."

"तसंच समज."

"आता तुमी म्हनता तर जातच असन," सहदेव म्हणाला आणि बैल जुंपायला गेला.

मैनाबाईने पिशवीतून छापील कागद काढला. वर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं लिहिलेलं, खाली रकाने. वजन. एक गडवा भरायला लागणारा वेळ. पाण्याचा रंग. वास. चव. प्रवासात टिकाऊपणा. तिने पेन्सिल जिभेला लावून वेळेच्या रकान्यात लिहिलं, 'सव्वाशे हात, सात मिनिटे'. चवीच्या रकान्यात लिहिलं, 'जशी मूळची'.

सन पस्तीसचा वैशाख होता. मैनाबाई मेहरे डिस्ट्रिक्ट कौन्सिलची फिरती नर्स होती आणि दर्यापूर तालुक्यातली चाळीसेक खेडी तिच्याकडे होती. वय बावन्न. माहेर-सासर दोन्हीकडे अमरावतीच्या शिवेवरचे माळी. वांगी, कोथिंबीर, मोगरा. नवरा तापाच्या साथीत गेला तेव्हा ती तिशीच्या आत होती. दिराने सांगितलं, मळ्यात राबायचं तर राहा. ती बायकांच्या दवाखान्यात सुईणपण शिकायला गेली. तिथून बाहेर पडली ती अशी रेंगीत बसली, आणि वीस वर्षं झाली तरी रेंगीतच होती. आताशा उजवा खांदा वर होत नसे. वेणी घालायला वेळ लागे.

हे डबे तिच्या गळ्यात डॉक्टर मोहरिलांनी घातले होते. ते जिल्ह्याचे हेल्थ ऑफिसर. फाल्गुनात त्यांनी तिला अमरावतीला बोलावून टेबलावरच्या दोन वस्तू दाखवल्या होत्या. मुंबईच्या एका पेढीचा एजंट त्या ठेवून गेला होता. एक हा पंपाचा डबा. त्याच्या पोटात भाजलेल्या पांढऱ्या मातीची, मेणबत्तीसारखी दिसणारी पोकळ नळी. पाणी त्या मातीतून पाझरत आत यायचं. दुसरी कॅनव्हासची पिशवी. तिच्यात लोकरीचा नमदा आणि कोळसा. ती खुंटीला टांगायची.

"फिरत्या नर्सा आणि देवीची लस टोचणारे, मिळून दोन डझन घ्यायचे आहेत," डॉक्टर म्हणाले होते. "कोणतं घ्यायचं ते तुम्ही ठरवा. दोन महिने वापरा आणि हा तक्ता भरून आणा."

"मीच काहून साहेब?"

"बाकीचे न वापरताच भरून आणतील."

पिशवी तिने चार दिवसांत बाद केली. तिच्यातून पाणी थेंबथेंब गळे, अर्ध्या तासाला एक गडवा, आणि त्याला ओल्या मेंढीचा वास येई. पंपाचा डबा मात्र तिला आवडला. वजन अकरा शेर होतं आणि तो चढवता-उतरवताना खांद्यातून कळ निघे, तरी आवडला. त्याचं कारण ती कोणाशी बोलली नव्हती. वीस वर्षं ती गावोगाव एकच गोष्ट सांगत आली होती, पाणी उकळून प्या. बाळंतिणीला तरी उकळून द्या. बाया मान डोलवत. मग ती निघून गेली की झिऱ्याचं पाणी तसंच घरातल्या पितळी गुंडात आणि गुंडातलं तसंच पोटात. त्यांचंही चुकत नव्हतं. त्या खारपाणाच्या मुलखात सावलीला झाड नाही तिथे सरपणाला कुठलं? वर्षभराची पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्या, आणि गोवऱ्या भाकरीपुरत्या पुरवायच्या. त्यात कोणी पाणी जाळत बसत नाही. आणि वैशाखात उकळलेलं पाणी निवतही नाही. हे सगळं कळूनही तिला तेच सांगावं लागे. तिला आता त्या वाक्याचाच कंटाळा आला होता. हा डबा खरा असेल तर ते वाक्य पुन्हा बोलायला नको, इतकंच तिच्या मनात होतं.

दोन दिवसांनी बेलखेडीच्या अलीकडच्या नाल्यात रेंगीचं चाक दगडावरून घसरलं. रेंगी कलली. बाळंतपणाची पेटी तिने पायाने अडवली, पण डबा मागून सुटला आणि नाल्यात जाऊन आपटला.

"गेला का?" सहदेवने विचारलं.

तिने उतरून डबा उघडला. पत्र्याला एका अंगाने पोचा आला होता. आतली मातीची नळी तिने बाहेर काढली, पदराने पुसली, उजेडात सगळीकडून फिरवून पाहिली. कुठे टवका उडाला नव्हता. तिने ती परत बसवली. त्या संध्याकाळी बेलखेडीच्या झिऱ्यावर पंप मारला तेव्हा दांडा नेहमीपेक्षा हलका चालला. ऐंशी हातांत गडवा भरला. पाणी तितकंच स्वच्छ होतं. खांद्याला आराम वाटला. तिने तक्त्यात लिहिलं, 'वापराने पंप मोकळा होतो. ऐंशी हात, चार मिनिटे.'

बेलखेडीत ती खुशालरावाच्या घरी उतरली. खुशालराव पंधरा एकराचा कास्तकार, अबोल माणूस. बायको जमुना नवव्या महिन्यात होती. याआधी दोन लेकरं गेली होती, एक पोटात आणि एक बाराव्या दिवशी. म्हणून मैनाबाई या खेपेला तिला सहाव्या महिन्यापासून पाहत होती. जमुना चोवीस वर्षांची, हसरी, जरा भित्री. तपासताना ती मैनाबाईचं मनगट धरून ठेवायची.

"आडवं तर नाई ना, बाई?"

"नीट हाये. डोकं खाली हाये. अजून आठ-दहा दिवस घेईन."

"तुमी असान ना पन?"

"येतो ना मी. जातो कुठी?"

तिची सासू पार्बताबाई चुलीपुढे बसली होती. चुलीवर पाण्याचा पितळी गंज उकळत होता आणि तोंडावर नाराजी.

"मैना, तुया सांगन्यानं तीन महिने उकळून राहिली मी," ती म्हणाली. "कोपऱ्यातली पऱ्हाटी पाह्य. होळीले एवढी होती, आता हातभर राहिली. पावसाळ्यात मी काय हातपाय लावू चुलीत? आन् हे पोरगी गरम पानी पेते, मंग तिले मळमळते."

मैनाबाईने जमुनाकडे पाहिलं. जमुनाने नजर चुकवली, म्हणजे सासू खरं बोलत होती. बाहेर अजून ऊन रखरखत होतं. मैनाबाईला दुसऱ्या दिवशी दर्यापूरला जायचं होतं. तिथल्या दवाखान्यातली नर्स आठवडाभराच्या रजेवर होती आणि तिच्या जागी हिला बसायचं होतं. दवाखान्यात डब्याचा उपयोग नव्हता. तो नेऊन आणायचा म्हणजे उगाच अकरा शेर.

"असं करा, पार्बतामाय," ती म्हणाली. "हा डबा मी इथंच ठेवून जातो. जमुनाले ह्याच्यातलंच पानी द्या. थंडगार. उकळाची गरज नाई."

"नक्की नाई?"

"नाई. उकळू नोका."

तिने खुशालरावाला पंप मारायला शिकवलं. तो चार हात मारून थांबला, नळीतून पडणारं पाणी ओंजळीत घेऊन त्याने निरखलं.

"हे कोनासाठी? सगळ्यायसाठी का एकटीसाठी?"

"एकटीपुरतंच पुरते खुशालभाऊ. तुमी आपलं नेहमीचं प्या."

दुसऱ्या दिवशी रेंगीत पाय पसरायला जागा झाली होती. मैनाबाई दर्यापूरपर्यंत झोपून गेली.

दर्यापुरात पाचव्या दिवशी खबर आली की नदीच्या वरच्या अंगाच्या दोन गावांत मरी, म्हणजे पटकीची साथ, सुरू झाली आहे. दवाखान्याचा कंपाउंडर विहिरींत टाकायच्या लाल दवेच्या पुड्या बांधत होता. मैनाबाईने पुड्या बांधायला हात लावला. बेलखेडी खालच्या अंगाला होती. आपली जमुना तरी सुरक्षित आहे, तिच्याजवळ डबा आहे, असं तिच्या मनात आलं. आणि ते मनात आल्यावर तिला हायसं वाटलं होतं. हे पुढे तिला नेहमी आठवायचं.

आठव्या दिवशी सकाळी बेलखेडीचा कोतवाल दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसला. तो रात्रीच निघाला असावा.

"खुशालरावानं बलावलं," तो म्हणाला. "बायको बाळंत झाली परवा. पोट्टी झाली. सुईनीनं केलं सगळं, चांगलं झालं. मंग कालपासून हगवन लागली तिले. गावात आनखी चौघाईले हाये."

सहदेवने बैलांना कधी मारलं नव्हतं, त्या दिवशी मारलं. तरी बेलखेडी गाठायला दुपार झाली. जमुनाच्या अंगावर डोक्यापर्यंत हिरवं लुगडं पांघरलेलं होतं. अंगणात माणसं बसलेली होती. पार्बताबाई दाराशी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. मैनाबाई तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसली.

"कवा?"

"सूर्य उगवता उगवता. तुयं नाव घेत होती. मैनाबाई येते म्हने, येतो म्हून सांगतलं हाये." पार्बताबाईने लेकराचं तोंड झाकलं. "तुया डब्यातलंच पेली वं सगळे दिवस. खुशाल सोता भरून देत होता. दुसऱ्या पान्याचा थेंब देल्ला नाई तिले."

तिच्या बोलण्यात दोष नव्हता. आम्ही तू सांगितलं तसं सगळं केलं, एवढंच ती सांगत होती.

मैनाबाईने आधी आजारी असलेल्या चौघांना पाहिलं. त्यांतला एक म्हातारा वाचणार नव्हता, बाकीचे वाचतील असं तिला वाटलं. तिने उकळलेलं पाणी पाजायला सांगितलं, झिऱ्यात लाल दवा टाकली, धुणी झिऱ्यावर न्यायची नाहीत म्हणून कोतवालाला बजावलं. जमुनाला घेऊन गेले तेव्हा ती बायकांबरोबर शिवेपर्यंत चालली. नंतर तिने घरात जाऊन न विचारता डबा उचलला आणि झिऱ्यापाशी नेला. सहदेव मागून आला.

तिने डबा उघडून मातीची नळी बाहेर काढली. पुन्हा उजेडात फिरवून पाहिली. काही दिसलं नाही. मग एका गंजात स्वच्छ पाणी घेतलं, नळी त्यात पूर्ण बुडवली, तिच्या तोंडाला जोडलेली रबरी नळी ओठात धरली आणि हळूहळू फुंकली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. सायकलच्या दुकानात ट्यूब पाण्यात धरतात ते तिने पाहिलं होतं.

पहिल्यांदा काही झालं नाही. तिने जोर लावला. जिथे माती पितळी टोपणात बसवली होती तिथून, अगदी कडेने, बारीक बुडबुड्यांची एक ओळ निघाली आणि वर आली. तिने श्वास थांबवला, ओळ थांबली. पुन्हा फुंकलं, पुन्हा तिथूनच.

सहदेव पाहत होता. त्याला समजायला वेळ लागला नाही.

"नाल्यात पडला होता तवाच."

"हो."

"तुमी पाह्यलं होतं ना उघडून?"

"पाह्यलं होतं. भेग टोपनाच्या आत हाये. दिसत नाई." तिने नळी गंजातून काढली. "पन दांडा हलका झालता, सहदेव. सव्वाशेचे ऐंशी झाले. मले समजाले पायजे होतं. मले बरं वाटलं, खांदा दुखत नाई म्हून."

सहदेवने पागोटं काढलं, पुन्हा बांधलं.

"बाई, हे आपल्या दोघाईलेच माईत हाये. डबा उचला, नाल्यात आनखी एक डाव पाडा, आन् फुटला म्हून लिहून टाका. गावात दुसऱ्याईले बी मरी लागलीच हाये. कोन विचारते?"

मैनाबाईने नळी कोरडी केली आणि फडक्यात गुंडाळली.

अमरावतीला तिने तो तक्ता डॉक्टर मोहरिलांच्या टेबलावर ठेवला, आणि त्याच्यासोबत दोन पानांचं पत्र. अक्षर मोठं आणि शाळकरी होतं. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. मग उठून दार लोटलं.

"बसा, मैनाबाई."

ती बसली नाही.

"त्या बाईला त्या पाण्यामुळेच कॉलरा झाला हे कशावरून? सुईणीचे हात असतील. कपडे असतील. घरातलं कोणी अन्न शिवलं असेल. मी डॉक्टर असून मला सांगता येणार नाही."

"मले बी सांगता येत नाई, साहेब. पन पान्यानं नाई झाला, हे बी कोनाले सांगता येत नाई. तिच्या घरात दुसऱ्या कोनाले झाला नाई. ते नेहमीचं पानी पेत होते, तरी वाचले. ही डब्याचं पेली."

"मग उलट तुमचंच म्हणणं लंगडं पडतं."

"पडू द्या. मी तिले उकळू नोका म्हनलं हे खरं हाये."

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. वाईट माणूस नव्हता तो. खेड्यात जाऊन पाणी प्यायलेला होता.

"वस्तू चांगली आहे," ते म्हणाले. "माती शाबूत असली तर ती जंतू अडवते, मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आहे. टिकाऊपणाच्या रकान्यात लिहा, 'प्रवासात नाजूक'. तेवढं खरंही आहे आणि पुरेसंही. ही दोन पानं वर गेली तर पहिला प्रश्न येईल की नर्सने बाळंतिणीला न तपासलेल्या यंत्राचं पाणी का दिलं. सर्व्हिस बुकात ओढली जाणारी रेघ तुमची असेल, पेढीची नव्हे. तीन वर्षं राहिली तुमची."

"नाजूक म्हनलं की लोकाईले वाटते, फुटलं की दिसन. हे फुटून दिसत नाई साहेब, तेच तर सांगायचं हाये. फुटल्यावर हे आनखी चांगलं चालते. पानी तेवढंच निर्मळ, हात हलका. दुसरी नर्स असती तं ती बी खूश झाली असती."

"मग काय घ्यायचं? पिशवी?"

"पिशवी नको."

"मग?"

"रॉकेलचा स्टो आन् झाकनाचा एक गंज द्या. पानी उकळलं का नाई, ते डोयानं दिसते. आन् हे डबे घ्यायचेच असन तर हरेक डब्यासोबत हे लिहून द्या, का रोज पान्यात बुडवून फुंकून पाहायचं, आन् दांडा हलका झाला का वापरू नये."

स्टोव्हचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. तिने तो कागदाच्या खालच्या मोकळ्या जागेत स्वतः आखून भरला होता.

डॉक्टरांनी पत्र वर पाठवलं. पाठवण्याआधी त्यांनी तिला आणखी एकदा विचारलं, आणि तिने मान हलवली.

पुढे जे व्हायचं ते झालं. ज्येष्ठ महिन्यात तिच्या नावाने लखोटा आला. त्यात हयगय हा शब्द दोनदा होता आणि तो तिच्या सर्व्हिस बुकात नोंदवल्याचं लिहिलं होतं. डबे दोन डझनांऐवजी सहा घेतले गेले, साहेब लोकांच्या दौऱ्यांसाठी. प्रत्येकात पाण्यात फुंकून पाहण्याबद्दल छापील चिठ्ठी होती, इंग्रजीत. स्टोव्हबद्दल उत्तर आलं नाही. तिला दौऱ्यावरून काढून दवाखान्यात बसवावं असं एका सभासदाचं म्हणणं पडलं. पण दर्यापूर तालुक्यात फिरायला दुसरी कोणी तयार होईना, म्हणून ते तसंच राहून गेलं.

लखोटा मिळाल्यावर पहिल्याच फेरीत ती बेलखेडीला गेली. सहदेवने वाटेत दोनदा विचारलं, "सांगनं जरुरी हाये का?" दुसऱ्यांदा तिने उत्तर दिलं, "वर लिहून देल्लं. ज्याची गेली त्यालेच नाई सांगू का?"

खुशालराव गोठ्यासमोर वखराची दोरी वळत होता. पेरणी तोंडावर आली होती. पार्बताबाईने घोंगडी अंथरली. मैनाबाई घोंगडीच्या अलीकडे जमिनीवरच बसली आणि तिने सांगितलं. नाला, डबा, हलका झालेला दांडा, बुडबुडे. तिने शब्द गोड केले नाहीत आणि ती रडलीही नाही. सांगताना ती खुशालरावाच्या हातातल्या दोरीकडे पाहत होती. दोरी वळायची थांबली होती.

आत लेकरू कुरकुरलं आणि पुन्हा निजलं.

"भेग केवढी होती?" खुशालरावाने विचारलं.

"केसाएवढी बी नाई."

"मंग दिसली नसती."

"नाई."

त्याने दोरी खाली ठेवली. "पन मी रोज पंप मारत होतो. मले वाटे किती सोपा हाये. मी तिले म्हनलं बी, मैनाबाईनं इतलं सोपं काम ठेवून देल्लं." त्याने तिच्याकडे पाहिलं. "उकळू नोका, हे तुमीच सांगतलं होतं."

"मीच सांगतलं होतं."

तो उठून गोठ्यात गेला. पार्बताबाई भिंतीकडे पाहत होती. ती म्हणाली, "मले सरपनाची पडली होती. तू त्याच्यानंच ठेवला डबा. मी बोलली नसती तर."

"तुमी काई वाईट बोलल्या नाई, माय. पऱ्हाटी खरंच सरली होती."

"सरली होती," म्हातारी म्हणाली. "तिच्या सरनाले तरी उसनी आनाच लागली."

आता बसण्यासारखं काही उरलं नव्हतं. मैनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिने पेटी उचलली. ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा गोठ्यातून खुशालरावाचा आवाज आला.

"पोट्टी दूध कमी पेते."

मैनाबाई थांबली. "कशाचं देता?"

"बकरीचं. बुढी पानी टाकून देते. उकळूनच." तो गोठ्याच्या दारात आला होता, पण तिच्याकडे पाहत नव्हता. "वाढून राहिली का नाई ते मले समजत नाई. तुमाले समजते."

तिने ओट्यावर पेटी उघडली आणि लेकरं तोलायचा स्प्रिंगचा काटा काढला. पार्बताबाईने नातीला आणलं. दीड महिन्याची, सावळी, डोक्यावर दाट जावळ, कपाळ जमुनाचं. मैनाबाईने लेकराचं अंग चाचपलं, टाळू पाहिली, नाळेची जागा पाहिली. मग तिला स्वच्छ फडक्याच्या झोळीत घातलं, गाठ मारली, गाठ काट्याच्या आकड्यात अडकवली आणि काटा उचलला. हात छातीच्या वर जाईना. खांद्यातून कळ आली आणि झोळी एका अंगाला झुकली. तिने दातावर दात धरून पुन्हा प्रयत्न केला.

खुशालराव ओट्याशी आला. त्याने तिच्या हातातून काट्याची कडी घेतली आणि हात वर धरला. झोळी जमिनीपासून सुटली आणि हलू लागली. मैनाबाई खाली वाकून आकडे वाचायला बसली. सुई दोन खुणांच्या मधे नाचत होती.

"हात हलवू नोका, खुशालभाऊ."

"नाई हलवत."

त्याने दुसरा हात पहिल्याला लावला आणि दंड ताठ केले. झोळी स्थिर होईपर्यंत दोघंही तिच्याकडे पाहत राहिले.